सकाळी जनरेटर, दुपारी ऊन

पहाटे साडेपाचला फ्रीजची घरघर थांबली आणि मला जाग आली. कॅम्परमध्ये, म्हणजे घर केलेल्या गाडीत, काही महिने राहिलं की नेहमीचा आवाज बंद पडला तरी झोप मोडते. बॅटरीच्या मीटरवर ११.४ व्होल्ट. सलग चौथा ढगाळ दिवस उजाडत होता, गाडी दाट झाडांखाली उभी होती आणि छतावरच्या २०० वॉटच्या पॅनेलांनी आदल्या दिवशी सगळे मिळून १४ अँपिअर-तास दिले होते (एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). आमचा रोजचा खर्च ७० च्या घरात. त्या सकाळी, अंधारातच, छोटा जनरेटर घ्यायचं आम्ही नक्की केलं. तो घेतल्यावर बॅटऱ्यांचा प्रश्न मिटेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात जनरेटर आणि सोलर यांची जोडी नीट जमायला जवळजवळ वर्ष गेलं आणि त्यात बॅटऱ्यांचा एक संच वाया गेला. त्या वर्षात काय काय झालं ते इथे लिहिते आहे.

आधी हिशेब. बॅटऱ्या दोन, प्रत्येकी १०० अँपिअर-तासांच्या, समांतर जोडलेल्या, साध्या, ॲसिड-पाण्याच्या. अशा बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये, म्हणजे हाताशी खऱ्या अर्थानं १००. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना ४ अँपिअर ओढतो, पण तो थांबत थांबत चालतो, त्यामुळे दिवसाला ३५ ते ४०. पंखा, दिवे, पाण्याचा पंप, दोन फोन आणि एक लॅपटॉप धरून ७०. पॅनेलवर २०० वॉट छापलेलं असतं, ते चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि पॅनेलचं तापमान २५ अंश असं धरून. छतावर आडवं पडलेलं पॅनेल उन्हात सहज ५०-६० अंशांवर जातं आणि दर अंशामागे साधारण ०.४ टक्का कमी देतं. त्यामुळे माझ्या डोळ्यांनी पाहिलेला सर्वांत मोठा आकडा १५२ वॉट आहे. स्वच्छ दिवशी दिवसभरात ५५ ते ६०. म्हणजे ऊन असलं तरी रोज दहाएक अँपिअर-तास कमीच पडत होते आणि ढग आले की मागची सगळी उधारी एकदम अंगावर यायची. हे वहीत मांडून बघायला मला चौथ्या ढगाळ दिवसापर्यंत थांबावं लागायला नको होतं.

जनरेटर आला. इन्व्हर्टर पद्धतीचा, एका हातानं उचलता येईल असा, सलग ९०० वॉट आणि क्षणभर १००० देणारा. त्याच्या पुढच्या बाजूला १२ व्होल्टचं वेगळं सॉकेट होतं आणि सोबत लाल-काळे चिमटे असलेली वायर. १२ व्होल्टची बॅटरी, १२ व्होल्टचं सॉकेट. चिमटे लावले, दोरी ओढली आणि चहा घेत बसलो. तीन तासांनी शंटवरच्या (बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजणाऱ्या) मीटरनं सांगितलं, १९ अँपिअर-तास. सॉकेटशेजारी बारीक अक्षरात ८ अँपिअर लिहिलेलं होतं आणि तेवढेही मिळाले नव्हते. ते सॉकेट अडीअडचणीला गाडीची उतरलेली बॅटरी थोडी वर आणण्यासाठी असतं. त्यात बॅटरीकडे बघून व्होल्टेज सांभाळणारं काहीच नसतं, आणि इंजिन इको मोडवर मंद फिरत असेल तर ते आणखी कमी देतं. ती वायर मी पुन्हा बाहेर काढली नाही. जनरेटरमधून घ्यायची ती घरगुती वीज, आणि बॅटरी भरायची ती चार्जरनं.

मग कॅम्परची बाहेरून वीज घ्यायची केबल जनरेटरला लावली. आत गाडीबरोबर आलेला कन्व्हर्टर होता, तो १२ व्होल्टचे दिवे-पंप चालवतो आणि बॅटरीही भरतो. मीटरवर २४ अँपिअर दिसले आणि आम्ही दोघंही खूश झालो. वीस मिनिटांत १५ झाले. तासाभरात ७. नवरा म्हणाला, “भरत आल्या असतील म्हणून कमी घेतायत.” मलाही तेच पटलं. संध्याकाळी मुक्कामावर पोचलो की दोन-अडीच तास जनरेटर लावायचा, प्रवाह उतरला की बंद करायचा, असा आमचा क्रम बसला. संध्याकाळ निवडली कारण दिवसभर ऊन जे देईल ते घ्यावं आणि उरलेली तूट रात्रीआधी भरून काढावी, असं साधं डोकं चालवलं होतं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. महिनाभर तसंच चाललं.

हळूहळू रात्री लहान व्हायला लागल्या. आधी सकाळी १२.२ दिसायचे, मग १२.०, मग पंखा न लावताही ११.८. एका मुक्कामावर शेजारच्या कॅम्परमध्ये एक वयस्कर काका होते, आयुष्यभर बॅटऱ्यांचंच काम केलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मीटर राहू द्या. झाकणं उघडा, ॲसिडलाच विचारू.”

त्यांच्याकडे ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर होता, काचेची जाड नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी बारीक काडी. हातमोजे आणि चष्मा घालूनच त्यांनी काम सुरू केलं, मलाही चष्मा दिला. पहिल्या घरातलं ॲसिड फुग्यानं ओढलं, नळी उभी धरली, काडी भिंतीला चिकटू नये म्हणून बोटानं टिचकी मारली आणि डोळ्यांच्या रेषेत आणून मला दाखवली. १.२०५. भरलेल्या बॅटरीत ती १.२६५ ते १.२८० च्या आसपास तरंगायला हवी. दुसऱ्या घरात १.२१०, तिसऱ्यात १.२००, चौथ्यात १.१६५. हे सगळं जनरेटर अडीच तास चालवून बंद केल्यावर, म्हणजे आमच्या लेखी बॅटऱ्या भरलेल्या असताना. सहा घरं, मग दुसऱ्या बॅटरीची सहा घरं, आणि एकही काडी जिथे तरंगायला हवी तिथे तरंगत नव्हती. माझ्या पोटात खड्डा पडला.

काकांनी कारण समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. कोरड्या मातीवर पाणी ओतलं की ते भसाभस मुरतं, माती भिजत आली की थेंबाथेंबानं घेते. शिशाची बॅटरी तशीच आहे. साधारण ८० टक्क्यांपर्यंत ती भरभर घेते. पुढचे २० टक्के तिला तास न् तास लागतात आणि त्या काळात व्होल्टेज १४.४ च्या वर धरून ठेवावं लागतं. आमचा कन्व्हर्टर कायम १३.६ वर अडकलेला. तेवढा दाब बॅटरी भरलेली राखायला पुरतो, रिकामी भरायला नाही. म्हणून प्रवाह पडत होता. बॅटरी भरली होती म्हणून नाही, मागून रेटा नव्हता म्हणून. आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिली की पट्ट्यांवरचं शिशाचं सल्फेट कडक होत जातं आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो.

काकांनी एक प्रयत्न सुचवला. ॲसिडच्या बॅटरीला जाणूनबुजून, पहारा ठेवून, १५ व्होल्टच्या वर काही तास भरायचं. त्यात पाणी फुटतं, हायड्रोजन सुटतो, त्यामुळे सगळं बाहेर मोकळ्यावर, ठिणगीपासून लांब, आणि नंतर डिस्टिल्ड पाणी घालायचं. सीलबंद बॅटरीवर हा प्रयोग कधीच करायचा नाही. एक बॅटरी बऱ्यापैकी सावरली. दुसरीचं चौथं घर १.१८० च्या वर आलं नाही. आणि समांतर जोडीतली एक बसली की ती दुसरीलाही खाली ओढते. दोन्ही बदलल्या.

नव्या बॅटऱ्या एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेल्या, सीलबंद शिशाच्या बॅटऱ्या) घेतल्या, तितक्याच क्षमतेच्या, आणि या वेळी चार्जर आधी निवडला. तीन टप्प्यांचा, ४० अँपिअरचा. आधी पूर्ण प्रवाह, मग ठरलेल्या व्होल्टेजवर धरून ठेवणं, शेवटी १३.६ वर राखणं. २०० अँपिअर-तासांच्या संचाला ४० म्हणजे पाचवा हिस्सा, बॅटरीच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत. चार्जर बॅटरीपासून हातभर अंतरावर बसवला, १६ चौरस मिलिमीटरची वायर, पक्के दाबलेले थिंबल, धन टोकापासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या जवळ का, तर वायर कुठेही घासून गाडीच्या पत्र्याला टेकली तर आग लावायला बॅटरीच पुरेशी असते. चार्जरजवळच्या फ्यूजनं बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर वाचत नाही.

पहिल्याच दिवशी जनरेटरचा लाल दिवा लागला आणि वीज तुटली. ओव्हरलोड. हा हिशेब मला नीट कळायला दोन दिवस लागले, म्हणून तो पूर्ण मांडते. ४० अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे ५७६ वॉट बॅटरीत. चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत जायला हवेत ६८० च्या आसपास. जनरेटर ९०० देतो, मग अडचण कसली? अडचण पॉवर फॅक्टरची. साधा चार्जर वीज सलग घेत नाही, लाटेच्या माथ्यावर झटक्यानं ओढतो. त्याचा पॉवर फॅक्टर ०.६५ च्या आसपास असेल तर जनरेटरच्या दृष्टीनं ६८० वॉटचे १०४० व्होल्ट-अँपिअर होतात. तेवढं त्याच्या ताकदीबाहेर. चार्जरमध्ये प्रवाह कमी करायची सोय होती. २५ वर ठेवला तेव्हा ६५० व्होल्ट-अँपिअरमध्ये बसला आणि जनरेटर शांतपणे चालला. पुढे काही महिन्यांनी पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला चार्जर मिळाला. तोच ४० अँपिअर आता ७०० मध्ये देतो. छोट्या जनरेटरसाठी चार्जर घेताना मी आता ही एक ओळ आधी शोधते, बाकी गोष्टी नंतर.

एवढं करूनही बॅटऱ्या रोज ९० टक्क्यांच्या अलीकडेच अडत होत्या. यंत्रं सगळी बरोबर होती, वेळ चुकीची होती. हे मला एका संध्याकाळी मीटरकडे बघताना उमगलं. त्या दिवशी ऊन बरं पडलं होतं. संध्याकाळी बॅटऱ्या ८० टक्क्यांवर होत्या. जनरेटर लावला, व्होल्टेज दहा मिनिटांत १४.४ ला टेकलं आणि प्रवाह २५ वरून उतरायला लागला. १८, १४, ११. दोन तास पेट्रोल जाळून मिळाले २६ अँपिअर-तास. दिवसभर उन्हानं सोपा भाग भरला होता आणि अवघड, मंद भाग जनरेटरच्या वाट्याला आला होता. रात्रभर फ्रीज-पंख्यानं ते परत खाल्लं. सकाळी, जेव्हा बॅटऱ्या सर्वांत भुकेल्या, ४० घ्यायलाही तयार, तेव्हा त्यांच्या तोंडाशी काय, तर कोवळ्या उन्हाचे दोन अँपिअर.

दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला. आठ वाजता बॅटऱ्या ५५ टक्क्यांवर होत्या. जनरेटर लावला आणि दीड तास जवळून बसून दर दहा मिनिटांनी आकडे लिहिले. पहिला तासभर प्रवाह हललाच नाही, चार्जरला जेवढा ठरवून दिला तेवढा सरळ आत जात होता. साडेनऊला व्होल्टेज १४.४ ला पोचलं, प्रवाह उतरायला लागला आणि मी त्याच क्षणी जनरेटर बंद केला. पुढचं काम उन्हाचं. दहा-अकरापासून पॅनेलं ६ ते ९ अँपिअर देतात आणि ८० टक्क्यांच्या पुढे बॅटरीला हवं असतं तेही साधारण तेवढंच. दुपारभर १४.४ च्या वर धरून ठेवायचं काम सूर्य फुकट आणि न कंटाळता करतो. साडेतीनच्या सुमाराला प्रवाह ३ अँपिअरवर आला. धरून ठेवलेल्या व्होल्टेजला प्रवाह क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर आला की बॅटरी खरोखर भरली असं धरतात. २०० ला ते २ ते ४. कॅम्परमध्ये राहायला लागल्यापासून आमच्या बॅटऱ्या पहिल्यांदा पूर्ण भरल्या होत्या. मी नवऱ्याला हाक मारून तो आकडा दाखवला.

पेट्रोलही निम्म्यावर आलं. आधी अडीच तास, आता दीड, आणि तोही रोज नाही. भाराखाली आमचा जनरेटर तासाला साधारण अर्धा लिटर पितो.

पण जोडी लगेच सुरळीत चालली नाही. नवा ४० चा चार्जर लावल्यावर काही दिवसांनी लक्षात आलं की जनरेटर बंद केल्यावर, डोक्यावर लख्ख ऊन असूनही पॅनेलं दोन-तीन अँपिअरच देतात आणि व्होल्टेज १३.५ वर बसलेलं. आधी वाटलं, पॅनेलचं जोड ढिलं झालं. छतावर चढून सगळं तपासलं, काहीच नाही. मग सोलर कंट्रोलरचा (पॅनेलांकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणाऱ्या यंत्राचा) पडदा नीट वाचला तेव्हा ‘फ्लोट’, म्हणजे नुसत्या राखणीचा टप्पा, दिसलं. घडलं होतं असं. नव्या चार्जरला मी १४.७ वर ठेवलं होतं आणि सोलर कंट्रोलर १४.४ वर. दोघं एकाच बॅटरीला जोडलेले, दोघंही फक्त बॅटरीच्या टोकांवरचं व्होल्टेज बघतात. चार्जरनं १४.७ केलं की कंट्रोलरला वाटायचं आपलं काम झालं; त्याची घटका भरायला सुरुवात व्हायची आणि ती भरली की तो राखणीच्या टप्प्यावर जायचा. मग दुपारभर ऊन असून तो हात राखून द्यायचा.

दोन चार्जर एकाच बॅटरीवर एकाच वेळी चालणं धोक्याचं नाही; ते धोक्याचं असेल अशी शंका मला आधी होती म्हणून सांगते. प्रवाह एकातून दुसऱ्यात शिरत नाही, दोघांची बेरीज बॅटरीत जाते, फक्त बेरीज बॅटरीच्या मर्यादेत हवी. चुकीचं आहे ते चार्जरची तार सोलर कंट्रोलरच्या पॅनेलकडच्या टोकांना जोडणं. आणि तितकंच चुकीचं, कॅम्परच्या स्वतःच्या इन्व्हर्टरवर हा चार्जर चालू राहणं, कारण मग बॅटरी स्वतःलाच भरायला निघते आणि दोन्ही यंत्रांतल्या उष्णतेत रिकामी होते. दुसरी चूक आमच्याकडे एका रात्री झाली. चार्जरला आता वेगळा बटणाचा बोर्ड आहे, जो फक्त बाहेरच्या केबलवर चालतो.

व्होल्टेजचा उपाय सोपा निघाला. बॅटरीवर १४.४ ते १४.७ अशी मर्यादा छापलेली होती. जनरेटरचा चार्जर १४.४ वर, सोलर १४.६ वर ठेवला, आणि कंट्रोलरचा धरून ठेवायचा वेळ दोन तासांवरून चार केला. आता चार्जर चालू असेपर्यंत सोलरला आपलं लक्ष्य गाठल्यासारखं वाटतच नाही. जनरेटर थांबला की तो पूर्ण जोर लावून पुढे चालवतो. बॅटरीच्या अंगाला तापमानाचा सेन्सरही चिकटवला, कारण थंडीत शिशाच्या बॅटरीला जास्त व्होल्टेज लागतं आणि उन्हाळ्यात कमी.

सावलीबद्दल थोडं. छतावरच्या पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली की उत्पादन कोपऱ्याएवढं कमी होत नाही, कित्येकदा एक-तृतीयांशावर येतं, कारण आतल्या पेशी माळेसारख्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. म्हणून आम्ही १२० वॉटचं घडीचं पॅनेल घेतलं, गाडी सावलीत ठेवून ते दहा मीटर लांब उन्हात मांडायचं. त्याच्या पाठीवर कंट्रोलर आलाच होता आणि वायर होती २.५ चौरस मिलिमीटरची.

त्या पॅनेलवर मला सारखा संशय यायचा, कारण भर उन्हातही ते लवकर दमायचं. एक दिवस मल्टिमीटर घेऊन दोन्ही टोकं मोजली. पॅनेलपाशी १४.४. बॅटरीपाशी १३.४. पुन्हा मोजलं, तेच. एक अख्खा व्होल्ट वायरमध्ये हरवत होता. तांब्याचा रोध धरून आकडेमोड केली: जायची दहा आणि यायची दहा मिळून वीस मीटर, २.५ ची वायर, म्हणजे ०.१४ ओहम, ७ अँपिअरला ०.९८ व्होल्ट. कागदावरचा आणि मीटरवरचा आकडा जुळला. कंट्रोलर पॅनेलपाशी बसून १४.४ बघत होता आणि बॅटरी भरली समजून हात आखडत होता, इकडे बॅटरीला १३.४ च मिळत होते. कंट्रोलर पाठीवरून काढला, बॅटरीजवळ एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा) बसवला आणि पॅनेल थेट त्याला जोडलं. व्होल्टेज आताही वायरमध्ये थोडं पडतं, पण ते पॅनेलच्या बाजूला, आणि बॅटरीजवळच्या कंट्रोलरला खरं व्होल्टेज दिसतं. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

वायर किती लांब आणि कुठे घ्यायची, हा प्रश्न जनरेटरलाही लागू पडतो आणि तिथे तो जिवाशी येतो. सुरुवातीला आम्ही जनरेटर गाडीच्या मागे, वारा लागू नये म्हणून आडोशाला ठेवायचो, केबल लहान होती म्हणून. एका सकाळी दीड तासाचं काम चालू असताना वारा फिरला. छतावरचा पंखा आतली हवा बाहेर फेकत होता, म्हणजे तेवढीच हवा मागच्या खिडकीतून आत ओढत होता, आणि खिडकीच्या खाली चार पावलांवर जनरेटरचा धूर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. वास काहीच नव्हता. डोकं किंचित जड होतं, ते मी झोप नीट झाली नाही म्हणून समजत होते. नवऱ्यानं दार उघडून मला बाहेर खेचलं आणि मग जाऊन इंजिन बंद केलं. हा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. आमच्याकडे अलार्म होता म्हणून मी आज हे लिहिते आहे. ज्यांच्या कॅम्परमध्ये तो नसेल त्यांनी जनरेटरच्या आधी तो घ्यावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

त्यानंतर पंधरा मीटरची बाहेर वापरायची जाड केबल घेतली. जनरेटर निदान सात-आठ मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराचं तोंड गाडीकडे नाही आणि शेजाऱ्यांकडेही नाही. घरगुती व्होल्टेजला चार्जर ३ अँपिअरच्या आसपास घेतो, त्यामुळे लांब केबलमध्ये जवळपास काही हरवत नाही. तेच ४० अँपिअर १२ व्होल्टच्या वायरनं तेवढ्या लांबून आणायचे तर केबल अंगठ्याएवढी जाड लागेल. म्हणून लांबी घ्यायची ती जनरेटर आणि चार्जर यांच्यामध्ये, चार्जर आणि बॅटरी यांच्यामध्ये नाही. अंतरामुळे आवाजही उतरतो, मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल. खाली रबराची चटई टाकली की जमिनीतून येणारी घरघर कमी होते. सकाळचा जनरेटर म्हटल्यावर शेजाऱ्यांची झोप हा प्रश्न येतोच. आम्ही आठच्या आधी लावत नाही, आणि कोणाची हरकत असेल तर नऊ. एकदा शेजारच्या बाई आल्या, “अहो, बाळ आत्ताच झोपलंय, थोडं थांबाल का?” तेव्हा साडेदहापर्यंत थांबलो. तासभर उशिरानं बॅटरीचं काही बिघडत नाही.

जनरेटरची निगा मी एका अनुभवानंतर मनावर घेतली. दोन महिने तो टाकीत पेट्रोल ठेवून तसाच पडला होता. नंतर दोरी ओढून खांदे दुखले. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसला होता. आता पुढचे काही आठवडे लागणार नाही असं वाटलं की कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू देते. तेल पहिल्या २० तासांनी बदललं, पुढे दर १०० तासांनी. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावर.

ढग तीन-चार दिवस हटले नाहीत तर आजही बॅटऱ्या पूर्ण भरत नाहीत, कारण शेवटचा भाग पुरा करायला सूर्यच नसतो. अशा वेळी मी जनरेटर जास्त चालवत बसत नाही. सकाळचा दीड तास, ८० टक्के, आणि लॅपटॉप बंद. मात्र आठवड्याभरात एकदा तरी पूर्ण भरायचं हा नियम पाळते, मग त्यासाठी गाडी हलवून उन्हात न्यावी लागली तरी. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या असत्या तर हा व्याप निम्मा झाला असता. त्यांना पूर्ण भरायची सक्ती नसते आणि त्या जवळजवळ शेवटपर्यंत भरभर घेतात, फक्त शून्य अंशाखाली त्यांना चार्ज करायचं नसतं. आमच्या एजीएम अजून छान चालल्या आहेत, म्हणून घाई नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा तसाच मुक्काम होता, दाट झाडं आणि तीन दिवस ढग. चौथ्या दिवशी सकाळी मीटरवर १२.१. आठला जनरेटर लावला, नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बंद केला. घडीचं पॅनेल झाडांच्या पलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात मांडलं. अकराला ढग फुटले. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नवरा आतून ओरडला, “१४.६ आणि अडीच अँपिअर!” मी बाहेर पॅनेलवरची पानं झाडत होते. पहाटे फ्रीजची घरघर ऐकत मी कूस बदलली आणि परत झोपले.